कोन्यूरचं पिल्लू पुन्हा पुन्हा चावतंय? आधी घड्याळ बघा, मग खेळणी बघा

कोन्यूर हा छोटा परदेशी पोपट पाळणाऱ्या बहुतेक घरांत तक्रार एकसारखीच असते. पिल्लू आणलं तेव्हा हातावर झोपायचं, मानेपाशी केसांत शिरायचं, कुणाच्याही खांद्यावर जायचं. पाच-सहा महिन्यांचं झालं आणि चावायला लागलं. मधेच आठवडाभर शहाण्यासारखं वागतं, आपल्याला वाटतं सुटलो, आणि मग एका संध्याकाळी बोटातून रक्त काढतं. तोवर सल्ले मिळून झालेले असतात: चोचीवर टिचकी मारा, तोंडावर फुंकर मारा, हात जोरात हलवा, पिंजऱ्यावर चादर टाका. हे सगळं करून होतं आणि चावणं परत येतं.

परत येतं, कारण उपाय चाव्यानंतर होतो आणि चाव्याआधीची दहा मिनिटं रोज तशीच राहतात. त्या दहा मिनिटांत पक्षी काहीतरी सांगत असतो आणि ते कुणी ऐकत नसतं. शिवाय त्याच्या चोचीला काही काम नसतं. म्हणून चावणं आणि खेळणी हे दोन वेगळे विषय न धरता एकत्रच लिहितोय.

उदाहरणादाखल ग्रीन चीक कोन्यूर घेतो, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे हा पक्षी आता बराच दिसतो. वजन ६० ते ८० ग्रॅम, मूळ घर दक्षिण अमेरिकेत: बोलिव्हिया, ब्राझीलचा काही भाग, पराग्वे, उत्तर अर्जेंटिना. सन कोन्यूर, कॉकटेल (कॉकटील), लव्हबर्ड हे पोपट पाळणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तुमच्या पिंजऱ्यात आपला हिरवा राघू किंवा पहाडी पोपट असेल, तर प्रश्न चावण्याचा नाही. भारतीय पोपट पकडणं, विकणं आणि पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. झाडावरून पडलेलं पिल्लू सापडलं असेल तर महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. परदेशी पोपट ठेवता येतो, पण कोन्यूरसारख्या, साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत असलेल्या जातींची नोंदणी २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणाऱ्यानं ‘काही लागत नाही’ असं सांगितलं असेल तरीही.

आधी आजार वगळा

आजारी पक्षी चावतो, आणि आजार लपवतोही. म्हणून स्वभावाला दोष देण्याआधी वजन करा. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा पुरतो. रोज सकाळी, पहिली मोठी शी झाल्यावर आणि खाण्याआधी. ७० ग्रॅमच्या पक्ष्याचं वजन ६३ वर आलं तर ती दहा टक्के घट आहे, आणि तेव्हा चावण्याचा विचार सोडून डॉक्टर गाठायचा. दिवसाही पिसं फुगवून बसणं, दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणं, शीचा रंग किंवा पातळपणा बदलणं, यातलं काहीही दिसलं तरी तेच.

आजार नसेल तर डोक्यावरची पिसं बारकाईनं बघा. साधारण सहा महिन्यांनंतर पिल्लाची पहिली पिसं गळून नवी येऊ लागतात. नवं पीस काट्यासारखं, आवरणात गुंडाळलेलं येतं आणि सुरुवातीला त्यात रक्त खेळतं. ते दाबलं गेलं की दुखतं. कालपर्यंत डोकं खाजवून घेणारा पक्षी आज त्याच जागी हात लावल्यावर चावला, तर कारण बहुधा हेच. स्प्रेच्या बाटलीतून कोमट पाण्याचा बारीक फवारा द्या. बुडाशी गडद दिसणाऱ्या काट्यांना हात लावू नका. आवरण पांढरं, कोरडं झालं की तो स्वतःहून मान वाकवून पुढे करतो, तेव्हा बोटांच्या चिमटीत हलकेच चोळलं तर त्याला आवडतं.

चावा येण्याआधी तो काय म्हणाला होता

‘अचानक चावला’ असं सगळे म्हणतात. मोबाइलवर व्हिडिओ काढून पुन्हा बघितला तर अचानक काहीच नसतं. पहिला इशारा अगदी हळू असतो: तो तोंड फिरवतो, एक पाऊल मागे घेतो, अंगावरचा भार दुसऱ्या पायावर टाकतो. तेवढ्यावर हात थांबला तर विषय तिथेच संपतो. नाही थांबला तर पिसं अंगाला घट्ट चिकटतात आणि मान उंच होते, म्हणजे तो घाबरलाय. किंवा मानेवरची पिसं उभी राहतात, अंग पुढे झुकतं, चोच किंचित उघडते, म्हणजे तो आता हटणार नाही. चावा यानंतर येतो. आणि आधीचे इशारे रोज वाया जात असतील तर हुशार पक्षी ते देणंच सोडून देतो आणि थेट शेवटच्या पायरीवर येतो. मग आपण म्हणतो, हल्ली न सांगता चावतो.

डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या होणं हे पुष्कळ जण रागाचं लक्षण समजतात. ते नुसतं उत्तेजित झाल्याचं लक्षण आहे. आवडतं कणीस दिसल्यावरही तेच होतं. बाकीचं अंग काय सांगतंय ते बघून अर्थ लावायचा. झोपायच्या आधी चोच चोचीवर घासल्याचा करकर आवाज येतो, तो मात्र निवांतपणाचा. त्याला घाबरून पिंजरा तपासायची गरज नाही.

आता सगळ्यात जास्त गैरसमज होणारी गोष्ट. पोपट चोच तिसऱ्या पायासारखी वापरतो. बोट पुढे केलं की तो चढण्याआधी चोचीनं ते धरून बघतो, की ही फांदी भार पेलेल का. आपल्याला वाटतं चावणार, आपण हात मागे ओढतो. त्याचा तोल जातो. पुढच्या वेळी तो बोट जास्त घट्ट धरतो, आपण आणखी जोरात ओढतो, आणि चार-पाच दिवसांत खरोखरच चावणारा पक्षी तयार होतो. घरातल्या ज्या माणसाला पक्ष्याची थोडी भीती असते त्यालाच तो जास्त चावतो, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. त्या माणसानं काही दिवस बोटाऐवजी लाकडी दांडी पुढे करावी. दांडी डळमळत नाही.

कोणत्या वेळी, कुठे, कुणाला

एक वही घ्या. प्रत्येक चाव्याला तीन गोष्टी लिहा: आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, त्यानंतर आपण काय केलं. वेळ लिहायला विसरू नका. आठवड्याभरात पानावर काहीतरी रांगेत दिसायला लागतं.

माझ्याकडे विचारणा करणाऱ्यांच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा दिसते ती वेळ म्हणजे संध्याकाळी सात ते दहा. कारण झोप. कोन्यूरच्या मूळ प्रदेशात रात्र वर्षभर साधारण ११ ते १३ तासांची असते. घरात त्याला १० ते १२ तास शांत, अंधारी झोप हवी. आपल्याकडे पिंजरा असतो दिवाणखान्यात, टीव्हीच्या बाजूला. मालिका संपतात, मग बातम्या, मग कुणीतरी अकरापर्यंत मोबाइलवर. सकाळी सहाला दूधवाला आणि कुकरच्या शिट्ट्या. पिंजऱ्यावर कापड टाकलं म्हणजे त्याची रात्र झाली असं नाही, आवाज त्याला ऐकू येतच असतो. दिवसभर एकटा, आणि संध्याकाळी घर भरतं तेव्हा अर्धवट झोपेत सगळ्यांच्या अंगावर खेळायचं. चावणार नाही तर काय करेल?

यावर साधा उपाय: झोपायला वेगळा, छोटा पिंजरा, आतल्या खोलीत. साडेसात-आठला तिकडे. ऑफिसमुळे घरातली माणसंच आठला येत असतील तर त्याच्याशी खेळण्याची वेळ सकाळी घ्या, संध्याकाळी फक्त दहा मिनिटं भेट. ‘मग पाळायचा कशाला’ असं एकानं मला विचारलं होतं. हा प्रश्न पिल्लू आणण्याआधी विचारायला हवा. झोप नीट झाली की निम्म्या घरांत बाकीचे उपाय करायची वेळही येत नाही. पुरेशी झोप पुढेही उपयोगी पडते: पक्षी वर्षाचा होऊन वयात येऊ लागला की लांबलेला उजेड आणि पाठीवरून फिरणारा हात दोन्ही त्याला विणीच्या हंगामाची चाहूल देतात. म्हणून लहानपणापासूनच हात फक्त डोक्यावर आणि मानेवर. पाठ, पंखाखाली, शेपटीच्या मुळाशी नको.

वहीत जागा पिंजऱ्याची दिसत असेल, म्हणजे हात आत गेला की चावतो आणि बाहेर ठीक असतो, तर हात आत घालणं बंद करा. दार उघडा, दाराशी दांडी धरा, त्याला स्वतःहून येऊ द्या. वाट्या तो बाहेर असताना बदला. आपल्या जागेत कुणी न विचारता हात घातलेला कुणालाच आवडत नाही.

खांद्यावर बसून चावत असेल, विशेषतः आवडत्या माणसाच्या खांद्यावर असताना दुसरं कुणी जवळ आलं की, तर खांदा काही महिने बंद. खांद्यावरच्या पक्ष्याचे डोळे आपल्याला दिसत नाहीत आणि त्याची चोच कानापाशी असते. रागावतो दुसऱ्यावर, चावतो तुम्हाला.

आणि काही चावे खरं म्हणजे चावे नसतातच. नेलपॉलिश, अंगठीचा खडा, कानातलं, चष्म्याची काडी, शर्टाचं बटण, मानेवरचा तीळ: जे चकाकतं किंवा उठून दिसतं ते त्याला उपटून बघायचं असतं. मंगळसूत्राचे काळे मणी तर कोन्यूरला अगदी नेम धरून सापडतात. इथे त्याला शिकवत बसू नका. पक्षी अंगावर असताना दागिने काढून ठेवा. पितळेचं, मुलामा दिलेलं किंवा कुठल्या धातूचं आहे ते माहीत नसलेलं कानातलं चोचीत जाणं चाव्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

पंख कापलेल्या पिल्लाबद्दल दोन वाक्यं. नको असलेल्या गोष्टीपासून उडून जाणं हा त्याचा पहिला मार्ग असतो आणि तो बंद केला की चावणं एवढंच उरतं. विकतानाच पंख कापून दिले असतील तर नवी पिसं येईपर्यंत त्याच्याशी अधिक सबुरीनं वागा, आणि ती आल्यावर पुन्हा कापण्याऐवजी खिडक्यांना जाळी लावा आणि पंखा बंद ठेवण्याची सवय घरात लावा.

चावल्यावर

ओरडू नका. कोन्यूरला आरडाओरडा म्हणजे बक्षीस वाटतं, कारण त्याच्या थव्यात सगळे ओरडतच असतात. हात झटकू नका. शांतपणे त्याला जवळच्या दांडीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर उतरवा, पाठ फिरवा, दहा-पंधरा सेकंद काही बोलू नका, मग पुन्हा सोपं काहीतरी करायला द्या. पिंजऱ्यात कोंडण्याची शिक्षा करू नका. त्याला पिंजरा नकोसा होतो, किंवा याच्या उलट, ‘चावलं की घरी जायला मिळतं’ हे तो शिकतो. वीस मिनिटांनंतरची शिक्षा त्याच्या लेखी चाव्याशी जोडलेलीच नसते.

‘चावला तरी हात मागे घेऊ नका, नाहीतर तो जिंकला असं समजेल’ हा सल्ला फार फिरतो. मला तो पटत नाही. रक्त येईपर्यंत हात तिथे ठेवण्यापेक्षा, त्यानं पाऊल मागे घेतलं तेव्हाच थांबलं तर जिंकण्या-हरण्याचा प्रश्न येत नाही. हात पुढे आला आणि तो आपणहून चढला की लगेच सूर्यफुलाची किंवा करडईची एक बी. या बिया रोजच्या वाटीतून काढून टाका आणि फक्त बक्षीस म्हणून ठेवा. वाटीत भरलेल्या असतील तर हातातल्या एका बीला तो किंमत देणार नाही.

घरातल्या सगळ्यांनी असंच वागायला हवं. चार जण शांत राहिले आणि आजोबा दर वेळी ‘अरे अरे अरे’ करत हसले, तर तो आजोबांनाच चावत राहील. आणि हेही लक्षात ठेवा की पूर्वी ज्याला दाद मिळायची ते बंद झाल्यावर वागणं आधी थोडं वाढतं. पहिल्या आठवड्यात जास्त चावला म्हणून उपाय चुकला असं समजून सोडू नका.

चोचीला काम

रानात या पक्ष्याचा दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात, सोलण्यात, फांद्या आणि साली कुरतडण्यात जातो. आपण वाटी भरून ठेवतो, त्याचं जेवण पंधरा मिनिटांत उरकतं. उरलेल्या वेळात चोच कुठेतरी जाणारच: पडदा, चार्जरची वायर, तुमची नखं, आणि फारच कंटाळला तर स्वतःची पिसं.

इथे लोक पैसे चुकीच्या ठिकाणी घालतात. ‘टिकणारं’ खेळणं शोधतात. जाड प्लास्टिकचा झोपाळा, साखळीला लटकवलेला ॲक्रिलिकचा ठोकळा. महिनाभर टिकतो, कारण पक्षी त्याला हातही लावत नाही. या वयाच्या कोन्यूरच्या पिल्लाला हवं असतं ते फाडता येईल असं काहीतरी. खेळण्याचा भुगा झाला म्हणजे ते चांगलं खेळणं होतं. खाली वर्तमानपत्र पसरा आणि झाडू हाताशी ठेवा.

आपल्याकडे यासाठी दुकानात जायचीही गरज नाही. पळसाच्या पानांचे द्रोण आणि पत्रावळी घ्या: काड्यांनी टाचलेले, साधे. पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. आतून चंदेरी कागद किंवा प्लास्टिक लावलेले नकोत, आणि हल्ली तेच जास्त मिळतात, तेव्हा उलटून बघा. पाच-सहा द्रोण स्टेनलेस स्टीलच्या सळईत ओवले, मधे मधे राळ्याच्या कणसाचे तुकडे दडवले, की एक सकाळ जाते. मक्याच्या कणसाची पानं, साफ घासलेली करवंटी, न रंगवलेला बांबूचा तुकडा, पेरूच्या, कडुनिंबाच्या, शेवग्याच्या, जास्वंदीच्या कोवळ्या फांद्या चालतात. फांदी औषध न फवारलेल्या झाडाची घ्या, रस्त्याकडेच्या झाडाची नको. घासून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. कण्हेर, घाणेरी, धोतरा यांच्या जवळपासही नको. बाल्कनीतला मनी प्लांट त्याच्या वाटेतून हलवा, त्याच्या पानांनी तोंडाची आग होते.

खाकी कागदाच्या पुड्या करा, एकीत बी, दोन रिकाम्या. सुरुवातीला पुडी अर्धवट उघडी ठेवा, नाहीतर आत काही आहे हे त्याला कळणारच नाही. खोक्याचा पुठ्ठा उत्तम, फक्त पिना आणि चिकटपट्टी आधी काढा. एटीएम आणि दुकानातल्या बिलांचा गुळगुळीत कागद देऊ नका, त्यावर रसायनाचा थर असतो.

पिंजऱ्यात एका वेळी तीन-चार खेळणी पुरेत. पंख पूर्ण पसरून फडफडता आलं पाहिजे. बाकीची कपाटात ठेवा आणि दर आठवड्याला एखाद-दुसरं बदला. सगळी एकदम बदलू नका, ओळखीचं एक तरी राहू द्या.

दुकानातलं खेळणं हातात घेतल्यावर

पाळीव पक्ष्यांच्या दुकानात मिळतं म्हणजे सुरक्षित आहे असं समजू नका. मी आधी धातू बघतो. जस्त आणि शिसं ही दोन विषं खेळण्यांतून येतात. जस्ताचा मुलामा दिलेली तार, म्हणजे आपली जीआय तार, स्वस्त खेळण्यांत आणि स्वस्त पिंजऱ्यांतही सर्रास असते. तिच्यावर पांढरी पूड दिसली तर ती तार नक्की काढून टाका. पितळेतही जस्त असतं. शिसं जुन्या रंगात, पडद्यांच्या तळाशी घातलेल्या वजनांत, सोल्डरमध्ये आणि मासेमारीच्या गळाला लावलेल्या गोळ्यांत असतं. भरवशाचं म्हणजे ३०४ किंवा ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील. चुंबक लावून बघा असं सांगतात. ते अर्धवट खरं आहे: जोरात चिकटलं तर मुलामा दिलेलं लोखंड असण्याचा संशय घ्या, पण चिकटलं नाही म्हणजे निर्धास्त असं नाही, कारण शिसं, पितळ आणि जस्त यांनाही चुंबक चिकटत नाही.

घुंगरू सगळ्यात आधी कापून टाका. जवळपास प्रत्येक तयार खेळण्याच्या टोकाला ते असतं, आवाज गोड येतो आणि त्याच्या फटीत नख किंवा बोट अडकतं. अडकलेला पक्षी घाबरून ओढतो आणि बोट मोडून घेतो. किल्ल्यांच्या जुडग्याची कडी आणि कुत्र्याच्या पट्ट्याला असतो तसा खटक्याचा हूक यांतही चोच अडकते. टांगायला स्क्रू फिरवून घट्ट बंद होणारी स्टीलची कडी घ्या.

दोरी हा पुढचा प्रश्न. सुती दोऱ्यांचे धागे सुटतात, पक्षी ते गिळतो आणि गळ्याखालच्या अन्नपिशवीत त्यांचा गोळा होतो. सुटलेला धागा पायाला गुंडाळला गेला तर रक्त थांबून बोट जातं. सुतळी नैसर्गिक म्हणून लोक बिनधास्त देतात, पण ताग मऊ करताना त्याला खनिज तेल लावलेलं असतं, वासावरूनच कळतं. नायलॉन तर नाहीच. बांधायचंच असेल तर गजरेवाले वापरतात तो केळीच्या सुकलेल्या सालीचा धागा वीतभरापेक्षा लहान तुकड्यात वापरा. जोर लागला की तो तुटतो, इथे तेच हवं. कुठलीही दोरी मानेभोवती फास होईल इतकी लांब नको. कड्या एक तर डोकं अजिबात जाणार नाही इतक्या लहान, नाहीतर अख्खा पक्षी आरपार जाईल इतक्या मोठ्या. मधल्या मापाच्या नकोत.

रंग तपासायला ओलं पांढरं फडकं घासा. रंग लागला तर खेळणं परत. लहान मुलांची रंगवलेली लाकडी खेळणी, आणि सावंतवाडीहून हौसेनं आणलेली लाकडी फळं, शोकेसमध्येच ठेवा. ती कुरतडण्यासाठी बनवलेली नाहीत. थर्माकोल, स्पंज, रबर, कापूस भरलेली बाहुली नको. आरसा एकट्या पक्ष्याला देऊ नये असं माझं मत आहे, कॉकटेल आणि बजींना (बजरीगर) तर नाहीच. काही पक्षी प्रतिबिंबालाच जोडीदार मानून त्याला अन्न भरवत बसतात आणि माणसांवर चिडतात.

आणि तो मऊ, लोकरी तंबू. छायाचित्रात फार गोड दिसतो, पिल्लू त्यात लगेच शिरतं, म्हणून प्रत्येक जण घेतो. घेऊ नका. पिल्लू त्याचे धागे खातं, धाग्यांत पाय अडकतो. शिवाय हे पक्षी झाडाच्या ढोलीत घरटं करतात, त्यामुळे अंधारी, मऊ, बंद जागा म्हणजे त्यांच्यासाठी घरटंच. पक्षी मोठा होत असताना अशा जागेची राखण करायला लागतो आणि पिंजऱ्याजवळ येणाऱ्या प्रत्येक हातावर धावून जातो. पुन्हा पुन्हा चावणाऱ्या पक्ष्याच्या पिंजऱ्यात तंबू असेल तर पहिल्याच दिवशी काढा. दोन-चार रात्री कुरकुर करेल. झोपायला कोपऱ्यात, उंचावर, साधी लाकडी दांडी पुरते.

नवीन खेळणं बघून पळतो

याचं उत्तर सरळ आहे, फक्त घाई नको. नवी वस्तू म्हणजे धोका, असंच रानातला पक्षी धरून चालतो. खेळणं थेट त्याच्या आवडत्या दांडीजवळ टांगलं तर तो ती दांडीच सोडतो, आणि घाबरलेला पक्षी चावतो. आधी ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्याला दिसेल असं ठेवा. तुम्ही त्याच्याशी खेळा, फाडा, हसा. कोन्यूरला दुसऱ्याच्या हातातलं खेळणं आपलं वाटायला वेळ लागत नाही. रोज थोडं जवळ आणा. मान उंच झाली, पिसं चिकटली की एक पाऊल मागे. शेवटी पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला टांगा आणि मग आत, वाटीपासून लांब. लाल आणि मोठं असेल तर जास्त दिवस लागतील. काहींना साधा द्रोणसुद्धा पहिल्यांदा राक्षस वाटतो, तेव्हा त्याचा नुसता एक तुकडा द्या.

नवीन खेळणं दिल्यावर पहिला अर्धा तास समोर बसा. तो ते फाडतोय की गिळतोय, हे तेव्हाच कळतं. फाडून टाकत असेल तर ठीक, तुकडे पोटात जात असतील तर काढून घ्या.

डॉक्टरकडे कधी

झोप, वही, पिंजऱ्यातला बदल, चोचीला काम, हे सगळं महिनाभर नेमानं करूनही चावे कमी होत नसतील तर तपासणी करून घ्या. त्याआधीच, त्याच दिवशी जायचं ते या लक्षणांवर: खेळण्याचा धातू कुरतडल्याचा संशय आणि त्यानंतर सुस्ती, उलटी, खूप पाणी पिणं, शीमध्ये रक्त किंवा गडद हिरवा रंग, पाय लटपटणं, झटके. धातूची विषबाधा एक्स-रे आणि रक्ततपासणीत कळते आणि वेळेत गेलं तर औषधानं धातू शरीराबाहेर काढता येतो. दोन दिवस वाट बघण्यासारखी ही गोष्ट नाही. पायाला धागा गुंडाळला असेल आणि बोट सुजलं असेल तर घरी ओढून काढू नका, कातडीत रुतलेला धागा दिसत नाही.

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला पक्ष्यांची सवय असते असं नाही. मुंबई-पुण्यात पक्षी बघणारे पशुवैद्य मिळतात, लहान गावांत शोधावे लागतात. तेव्हा पक्षी धडधाकट असतानाच एखाद्याचा पत्ता काढून, एकदा साधी तपासणी करून घेऊन ठेवा. नेताना लहान पिंजऱ्यात न्या, वर हलकं कापड टाका. सोबत वजनाची आणि चाव्यांची वही, त्या सकाळची शी पडलेला कागद, आणि कुरतडलेल्या खेळण्याचा उरलेला तुकडा पिशवीत घालून न्या.